तुम्ही तर कोकणात राहता!

गेल्या एप्रिलमध्ये रात्री दोन-अडीचला मला जाग यायला लागली. छातीत धडधड, तळहात ओले आणि डोक्यात एकच हिशोब: झाडावर आंबा किती आहे, पेटीला काय मिळेल, औषधवाल्याचं किती द्यायचं राहिलंय. आठ-दहा रात्री अशा गेल्यावर रत्नागिरीला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. कार्डिओग्राम चांगला आला. डॉक्टर भला माणूस. कागद बाजूला सारत हसले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर कोकणात राहता! लोक पैसे मोजून येतात तिकडे. तुम्हाला कसलं टेन्शन?" मग जरा गंभीर होऊन त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि तिच्याखाली दुसरी ओळ लिहिली: रोज संध्याकाळी समुद्रावर अर्धा तास फिरणं.

पावसपासून थोडं दक्षिणेला आमचं गाव. वाडी वर, समुद्र खाली. मध्ये चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. लहानपणी दिवसातून चार वेळा तिच्यावरून खालीवर पळत होतो. त्या संध्याकाळी चपला घालून निघालो, वळणावर आलो, तर समोर लोखंडी गेट. त्यावर पाटी: खासगी मालमत्ता, प्रवेश बंद. शेजारी दुसरी, मोठी आणि रंगीत पाटी, बंगल्यांच्या योजनेची: निसर्गाच्या कुशीत तणावमुक्त जीवन.

घरी येऊन चिडून सांगितलं, तर बायको म्हणाली, "गेट होऊन दोन वर्षं झाली. तुम्हाला आज दिसलं?"

हे खरं होतं, आणि गेटापेक्षा जास्त लागलं ते हेच. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, आणि दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. आमच्याकडे बिनकामाचा समुद्रावर जातो कोण? पाहुणे आले की त्यांना दाखवायला जायचं, नाहीतर कोणाचे तरी दिवस घालायला. बाकी समुद्र आवाजापुरता.

तेव्हापासून मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचतो आहे. निसर्गात मन निवतं ही गोष्ट खोटी नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर मी चिडून लिहितो आहे असं वाटेल. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ साली हे छापून आलं आणि तिथून पुढे या विषयाला विज्ञानात जागा मिळाली. जपानच्या वनखात्याने त्याच्या दोन वर्षं आधी, १९८२ मध्ये, 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला होता. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ३८ जणांना दीड-दीड तास चालायला लावलं, काहींना झाडागवतातून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडागवतातून आलेल्यांचं मनातल्या मनात तेच तेच घोळवणं कमी झालेलं आढळलं. रस्त्यावरून आलेल्यांचं नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्याला दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे आपली तब्येत आणि समाधान इतरांपेक्षा बरं असल्याचं सांगतात. आता ज्याची तब्येत मुळात बरी तोच बाहेर पडतो, असंही असू शकतं. तो अभ्यास हे कोडं सोडवत नाही. तरीही सगळं मिळून बघितलं तर डॉक्टरांची दुसरी ओळ फुकाची नव्हती.

मला या सगळ्यात सगळ्यात पटलेलं म्हणजे मिशिगनच्या कॅपलन दाम्पत्याचं म्हणणं. १९८९ च्या सुमारास त्यांनी मांडलं, की लक्ष दोन प्रकारचं असतं. एक, जे आपल्याला द्यावं लागतं: हिशोब, गाडी चालवणं, साहेबाचं बोलणं. ते दमतं. दुसरं, जे आपोआप जातं: पानांची सळसळ, ढग, लाट. ते वापरून दमायला होत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिलं विश्रांती घेतं. पण त्याला त्यांनी अटी घातल्या आहेत. त्यातली एक अशी, की माणूस रोजच्या जंजाळापासून दूर गेलेला असला पाहिजे. मैलांनी दूर असायची गरज नाही, मनाने दूर असला म्हणजे झालं.

आणि कोकणात इथेच घोडं पेंड खातं.

डोंबिवलीहून माझा पुतण्या येतो. लोकलचा धक्का खाऊन खाऊन तो आलेला असतो. पहिले दोन दिवस तो पडवीत नुसता झोपतो. तिसऱ्या दिवशी आंब्याच्या कलमांखालून हिंडतो, वर बघतो आणि म्हणतो, "काका, काय शांत आहे हो!" त्याच कलमाखाली उभा राहून मी वर बघतो तेव्हा मला दिसतो तुडतुडा. मोहोराच्या दांडीवर चिकटा चमकतो का, फुलकिड्यांनी कणी खरवडली का, पहिल्या मोहोराला धरलेली फळं असताना वरून पुन्हा मोहोर येतोय का, म्हणजे खालचं गळणार. डिसेंबरातली थंडी त्याला गुलाबी. मला ती पाच दिवस टिकते की दहा, यावर पुढच्या वर्षीचा संसार. मार्चमध्ये संध्याकाळी आभाळ भरून येतं, वारा पडतो, तो मोबाइल काढून फोटो घेतो. मी मोबाइल काढून हवामान बघतो. आकाश एकच, झाड एकच. त्याचं लक्ष आपोआप जातं, माझं पहाऱ्यावर असतं.

म्हणून "तुम्ही तर कोकणात राहता" हे वाक्य चुकीचं आहे. निसर्गात राहणं वेगळं आणि निसर्गावर जगणं वेगळं. मिरकरवाड्याला माझा एक मित्र आहे, खारवी, स्वतःची होडी असलेला. त्याला मी विचारलं, "तुला समुद्र बघून बरं वाटतं का रे?" तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "किनाऱ्यावरून बघितला की मला होडी कुठंय ते आठवतं." एक जूनला मासेमारी बंद होते, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे परत सुरू होते, मधल्या काळात तो बायकोच्या माहेरी संगमेश्वराकडे आत डोंगरात जातो आणि भाताच्या लावणीत मदत करतो. म्हणतो, तिथे झोप लागते. म्हणजे त्याला भातशेती तीच, जी पुतण्याला माझी बाग. ज्याच्या कर्जाचा हप्ता त्या शेतावर आहे, त्याला विचारलं तर तो कदाचित समुद्रावर जायला बघत असेल. हे गमतीचं वाटेल, पण माझ्या मते यात एक काम करण्याजोगी गोष्ट आहे: प्रत्येकाला आपल्या पोटापाण्याच्या पलीकडचा निसर्ग लागतो. कलमवाल्याला पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू, खारव्याला शेत, शेतवाल्याला सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार. आणि तिथे पोचायला वाट लागते.

वाटेकडे येतो. त्याआधी, राबायच्या निसर्गाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

३ जून २०२० ला जे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, त्याचं नावच 'निसर्ग' होतं. बांगलादेशाने सुचवलेलं नाव, यादीत त्याचा नंबर लागला एवढंच. पण काय नाव! आमच्याकडे तेव्हा वाऱ्यावर निभावलं. दापोली-मंडणगडाकडे आणि रायगडात मात्र नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की तिला धरायला पाच-सात वर्षं लागतात. ज्या माणसाने साठाव्या वर्षी ती पडलेली बघितली, त्याने काय करायचं? त्या पावसाळ्यात केळशीकडच्या एका नातेवाइकांकडे गेलो होतो. वर नवे पत्रे, मागे वाडीत नुसती बुडखं. म्हातारे गृहस्थ, पूर्वी पोफळीच्या सावलीत दुपारची झोप काढायचे. आता वारा जरा वाढला की ओटीवरून उठून माजघरात जाऊन बसत. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, ऐन हंगामात, झाडावरचा आंबा जमिनीवर. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात गेलं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

तलाठी आले, पंचनामे झाले. झाडं मोजली, पत्रे मोजले, गुरं मोजली. भरपाई किती नि केव्हा हा वेगळा विषय. पण ज्याला आता पावसाच्या आवाजाने झोप लागत नाही, त्याचा रकाना पंचनाम्यात नव्हता. अशा माणसाला "निसर्गाच्या सान्निध्यात जा" हे सांगणारा तोंडावर पडेल. त्याला आधी डॉक्टर हवा, आणि तिथे आपली तयारी काय? बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं आढळलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या रत्नागिरीत आहे, आणि त्याचा पहिला उपयोग आम्ही करतो तो टोमणा मारायला. "ह्याला रत्नागिरीक पाठवा" म्हटलं की सगळे हसतात. मग रात्री धडधड होणारा माणूस मुकाट्याने हृदयाच्या डॉक्टरकडे जातो. मी तेच केलं की.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या गावात तो किती जणांना माहीत आहे बघायला मी सहज विचारत सुटलो होतो. दुकानात, देवळात, एसटीत. एका अंगणवाडीताईंना माहीत होता. गावात येणाऱ्या प्रत्येक रंगीत पाटीवर समुद्र असतो, सूर्यास्त असतो, हा नंबर कुठल्याच पाटीवर नाही.

हे सगळं म्हटल्यावर कोणी म्हणेल, मग फिरण्याबिरण्याचं सोडा, गोळ्या घ्या. तसंही नाही. धडधड होणाऱ्या सगळ्यांनाच आजार नसतो. बहुतेकांची नुसती कुचंबणा असते, आणि तिच्यावर आपल्या जुन्या गावाकडे काही उतारे होते. ते मी रंगवून सांगणार नाही, कारण त्यांची किंमत कोण मोजत होतं ते मी बघितलेलं आहे.

माझी आई रोज वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणं घेऊन जायची. पाठ मोडायची. जानेवारी-फेब्रुवारीत पातेरा म्हणजे वाळकी पानं गोळा करायला वाडीतल्या आठ-दहा जणी सड्यावर जायच्या, डोक्यावर झाप्यांएवढी ओझी घेऊन उन्हातून यायच्या. हे कष्ट होते, आणि नळ आला, गॅस आला, ते फार चांगलं झालं. ज्याला वाटतं की बायकांनी परत वहाळावर जावं त्याने आधी एक गोधडी आपटून दाखवावी. पण त्या कष्टांच्या पोटात एक गोष्ट होती, ती नळाबरोबर आपण बंद केली. त्या दोन तासांत आई घरात नसायची. सासूच्या नजरेआड, झाडाखाली, पाण्यात पाय सोडून, बरोबरीच्या बायकांत असायची. वहाळावर कोणाच्या पाठीवरचे वळ कोणी बघितले, कोण रडली, कोणी कोणाला माहेरी निरोप धाडला, याची नोंद नाही. काम गेलं ते बरं झालं, पण कामाच्या निमित्ताने मिळणारं बाहेर जाणंही गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. टीव्ही आला.

आज आमच्या वाडीतली बाई कामाशिवाय एकटी पुळणीवर जाऊन बसली, तर अर्ध्या तासात तिच्या घरी फोन जातो: "वहिनी तिकडे बसल्या होत्या, सगळं ठीक ना?" विचारणारा काळजीनेच विचारतो. पण समुद्राकडे बघत बसणारी बाई म्हणजे काहीतरी बिघडलेलं, असा आमचा हिशोब. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं करणारी माझी एक चुलत वहिनी आहे. सहा वर्षं झाली. तिला मी आठवड्याला दोन तासांची गोष्ट सांगितली, इंग्लंडची. ती म्हणाली, "दोन तास नको, भावोजी. बसायला एक जागा सांगा, जिथे कोण इचारणार नाय."

एवढं बोलणं ऐकल्यावर मला वाटायला लागलं, की हा प्रश्न मनाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. आणि जागा हा सार्वजनिक प्रश्न आहे.

जुन्या गावाने अशा जागा धरून ठेवल्या होत्या, मनःशांतीसाठी म्हणून नव्हे, देवाच्या भीतीने. देवराईत कोयता चालत नाही. वाळकं लाकूडही उचलत नाहीत. वैशाखात बाहेर रान करपलेलं असताना तिथे ओल असते. आणि त्याच झाडांखाली, ग्रामदेवतेसमोर, गाऱ्हाणं घालतात. बाहेरच्यांना तो प्रकार विनोदी वाटतो, नाटकांतून तसा दाखवलाही जातो. पण जरा नीट बघा. एक माणूस मोठ्याने, सगळ्या गावासमोर, देवाला नावानिशी सांगतो: याचा मुलगा मुंबईक आसा, त्याची नोकरी गेली, त्याका वाट दाखव. आणि सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. ज्याची काळजी आहे तो गर्दीत उभा असतो, त्याला स्वतः तोंड उघडावं लागत नाही, आणि तरी त्याची काळजी सगळ्यांनी ऐकलेली असते. देवावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मोठ्या झाडाखाली आपलं दुःख चारचौघांत बोललं गेलं आणि कोणी "तुला कसलं टेन्शन" म्हणालं नाही, हे थोडं नाही. आता काही ठिकाणी राईतली जुनी झाडं तोडून देवळासमोर काँक्रीटचा सभामंडप उभा राहतोय, वर पत्रा, खाली चकचकीत फरशी. देणगीदारांची नावं संगमरवरावर. दुपारी तिथे बसवत नाही, भाजून निघतो माणूस.

पाखाडीचं तसंच. आमच्या पाखाडीखालची जमीन विकली ती माझ्याच चुलत्यांच्या मुलांनी. हे लपवण्यात अर्थ नाही. सातबारावर सत्तावीस नावं, निम्मी मुंबईत, दोन परदेशात. बाग राखायला कोणी तयार नाही, गुरख्याचा पगार परवडत नाही, एजंटने सगळ्यांच्या सह्या जमवल्या आणि एकरकमी पैसे दिले. मी सही केली नव्हती, कारण माझा त्या तुकड्यात हिस्साच नव्हता. असता तर केली असती की नाही, देव जाणे. तेव्हा शहरातून येऊन बंगला बांधणाऱ्याला शिव्या देणं सोपं असलं तरी विकणारे आम्हीच. शिवाय त्याचंही थोडं खरं आहे: उघड्या वाटेने आंबे चोरीला जातात, बाटल्या पडतात, रात्री पोरं येऊन बसतात. त्याने पैसे टाकून शांतता घेतली आहे, ती त्याला हवी आहे. पुतण्याला हवी असते तशीच.

फक्त त्याने जमीन घेतली तेव्हा पाखाडी घेतली का? माझ्या मते नाही, आणि कायद्याच्या मतेही बहुधा नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क तयार होतो. आमची पाखाडी माझ्या आजोबांच्या आधीची. पण तो हक्क शाबीत करायला दिवाणी कोर्टात जायला हवं. तणाव कमी करण्यासाठी दिवाणी दावा लावणारा मी जगातला पहिलाच ठरलो असतो. तहसीलदारांकडे जायची सोपी वाट आहे: १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा, किंवा जमीन महसूल संहितेचं कलम १४३. त्यातल्या पहिल्यात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो, आणि मला तर गेट दिसलंच दोन वर्षांनी. दुसऱ्यात बांधावरून रस्ता मिळतो, पण तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी. नांगर न्यायचा असेल तर वाट मागता येते, मन न्यायचं असेल तर नाही. तहसील कचेरीतल्या कारकुनाला मी हे असंच म्हणालो, तर तो म्हणाला, "काका, अर्जात तसं लिहू नका."

भरती-ओहोटीच्या मधली पुळण सरकारची, म्हणजे तुमची-आमची. १९९१ पासूनच्या किनारा नियमनात असं कलमही आहे, की किनाऱ्यावरच्या दोन हॉटेलांच्या किंवा रिसॉर्टच्या मध्ये लोकांना समुद्रावर जायला किमान २० मीटर मोकळी जागा सोडावी. चांगलं कलम. पण ते हॉटेलं आणि रिसॉर्ट यांच्यासाठी. एकेका बंगल्याचं कुंपण शेजारच्या कुंपणाला भिडत जाऊन जी भिंत तयार होते, तिच्याबद्दल कोण बोलणार? सड्यांवर तोच प्रकार. ज्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, त्याच सड्यांचे प्लॉट पडताहेत, चिरेखाणी खोदल्या जाताहेत. पावसाळ्याच्या शेवटी तिथे सीतेची आसवं फुलतात, जांभळा गालिचा. पाच-दहा वर्षांत ती बघायला तिकीट काढावं लागलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

स्कॉटलंडमधल्या शेटलंड बेटांवर २०१८ पासून डॉक्टर आपल्या रुग्णांना निसर्गात जायची चिठ्ठी लिहून देतात, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. किनाऱ्यावर चाला, पक्षी बघा, शिंपले वेचा. आपल्याकडे तिचं भाषांतर लगेच होतं, 'निसर्गोपचार पॅकेज, तीन दिवस दोन रात्री'. पण त्या चिठ्ठीच्या पाठीमागे एक कायदा आहे, तो भाषांतरात गळतो. स्कॉटलंडने २००३ मध्ये कायदा करून प्रत्येकाला जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवरून आणि पाण्यावरून जबाबदारीने चालण्याचा हक्क दिला, जमीन कोणाचीही असो. घराच्या अंगणातून नाही, उभ्या पिकातून नाही, पण कुंपण आहे म्हणून समुद्र बंद, असं नाही. नॉर्वेत हा हक्क १९५७ पासून कायद्यात आहे. तिथल्या डॉक्टरने 'समुद्रावर जा' लिहिलं की समुद्रावर जाता येतं. आमच्या डॉक्टरने लिहिलं, आणि मी गेटापाशी उभा राहिलो.

मला नॉर्वे नको आहे. आमच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनींत तो कायदा जसाच्या तसा चालणारही नाही. पण ग्रामपंचायतीने गावातल्या जुन्या वाटांची यादी तरी करावी: पुळणीवर जाणाऱ्या, सड्यावर जाणाऱ्या, वहाळाच्या कडेने राईत जाणाऱ्या. जुन्या गावनकाशात त्यातल्या पुष्कळ तुटक रेघेने दाखवलेल्या आहेत, तलाठी कार्यालयात बघायला मिळतात. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना बरोबर घेऊन त्या चालून याव्यात, ग्रामसभेत ठराव करावा आणि जमीन विकली जाते तेव्हा वाट खरेदीखतात लिहिली जावी. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारकडे योजना आणि पैसे आहेत; समुद्राकडे जाणाऱ्या पाच फुटी पाखाडीला ट्रॅक्टर जात नाही म्हणून ती त्या योजनांत बसत नाही, ती बसवावी. खाली सुरूच्या सावलीत एक-दोन दगडी बाक. वहिनीसाठी. आणि किनाऱ्यावर पर्यटकांसाठी जो 'सेल्फी पॉइंट' होतो, त्यातल्या निम्म्या पैशांत हे सगळं होईल असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण सेल्फी पॉइंटचं अंदाजपत्रक मी ग्रामसभेत ऐकलेलं आहे.

ग्रामसभेत मी हे बोललो. एक जण म्हणाला, "बागायतदारांना आता समुद्राची हौस आली." दुसऱ्याने विचारलं, वाट मोकळी झाली तर माकडं येणार नाहीत का. माकडं वाटेने येतात हे मला नवीन होतं. सरपंचबाईंनी मात्र लिहून घेतलं. बंगल्याच्या मालकांना फोन लावला, ते सज्जनपणे बोलले, दिवाळीला येतो तेव्हा बघू म्हणाले. दिवाळीला आले, बघितलं, गेले.

तोवर मी डॉक्टरांची ओळ पाळायचा दुसरा मार्ग काढला आहे. गावाच्या दक्षिण टोकाला खडपावरून खाली उतरता येतं आणि ओहोटी असली की कातळाला वळसा घालून पुळणीवर पोचता येतं. त्यासाठी तिथी बघावी लागते. आमच्या मिरकरवाड्याच्या मित्राने शिकवलेला जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाणी छान मागे गेलेलं असतं आणि अर्धा तास फिरणं होतं. अष्टमीच्या बाजूला संध्याकाळी भरती, तेव्हा तीन-चार दिवस खाडा. पावसाळ्यात तर बंदच.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो. झोप बरी आहे म्हणालो. त्यांनी विचारलं, "रोज जाता ना फिरायला? किती वाजता?"

मी म्हटलं, "पंचांग बघून सांगतो."